दवाखाना आणि विद्यापीठ: आरोग्य समाजकार्याचा अभ्यास जोडीनं कसा करावा

आमच्या समाजकार्य विभागात एक लोखंडी कपाट आहे. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, असे एम.एस.डब्ल्यू.चे, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचे, लघुप्रबंध त्यात खच्चून भरलेत. क्षयरुग्ण, डायलिसिसवरचे रुग्ण, विष घेऊन वाचलेले शेतकरी, जळीत महिला. मराठवाड्याचं निम्मं दुखणं त्या कपाटात आहे म्हणा ना. पण ज्या वॉर्डांतून ही माहिती आली तिथं यातली एक प्रत सापडायची नाही. दवाखान्यातल्या एका समाजसेवा अधीक्षक बाईंनी (रुग्णांच्या औषधापलीकडच्या अडचणी बघणारं हे पद) मला चहा पुढं करतच सुनावलं होतं, "सर, तुमची लेकरं येतात, फॉर्म भरून नेतात, सही-शिक्का घेतात. काय सापडलं ते सांगायला कुणी परत आलंय का?" तो चहा काही घशाखाली उतरला नाही.

तेव्हापासून दवाखान्यातल्या अभ्यासाचा क्रम मी बदलला. तोच इथं मांडतोय. उदाहरण शक्यतो एकच धरतो, ऊसतोडीला जाणाऱ्या क्षयरुग्णांचं, म्हणजे नुसतं हवेत बोलणं होणार नाही.

विषय घेऊन जाऊ नका, रजिस्टर बघायला जा

आपल्याकडं माणसांची आणि संस्थांची वानवा नाही. छत्रपती संभाजीनगरला १९५८ पासूनचं विद्यापीठ आहे आणि त्याच्याही आधीची, १९५६ ची घाटी, म्हणजे तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये झालं, तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला महाविद्यालय आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं संकुल आहे. शेजारी शेजारी बसलेली ही मंडळी एकमेकांच्या दारात जातात ती मात्र फक्त शिक्का मारून घ्यायला.

दवाखान्यात आपला पहिला माणूस म्हणजे समाजसेवा अधीक्षक. हे पद काही कालचं नाही. देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला तो १९४६ मध्ये. आज सरकारी दवाखान्यात या माणसाच्या टेबलावर काय काय येतं ते पाहिलं की विषय शोधायची गरजच उरत नाही. बेवारस रुग्ण, सोडून गेलेले नातेवाईक, जनआरोग्य योजनेसाठी अडलेली कागदं, रेशनकार्डावरचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं, डिस्चार्ज मिळूनही घरी न्यायला कुणी न आलेली म्हातारी. धर्मादाय रुग्णालय असेल तर निर्धन आणि दुर्बल रुग्णांसाठी राखलेल्या दहा-दहा टक्के खाटांचा हिशेबही तिथंच.

म्हणून पहिले पंधरा दिवस विद्यार्थ्यानं प्रश्नावली काढायचीच नाही. अधीक्षकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, पडेल ते काम करायचं आणि एका वहीत चारच रकाने ठेवायचे: माणूस कशासाठी आला, कुठं अडला, कुणी सोडवलं, सुटलं की नाही. नाव लिहायचं नाही. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन अधीक्षक, एखादी जुनी सिस्टर आणि आपण असे तिघं बसायचं.

फरक लगेच दिसतो. विद्यार्थी येताना विषय आणतो, "क्षयरुग्णांच्या सामाजिक व आर्थिक समस्यांचा अभ्यास". या शीर्षकात अख्खं जग मावतं, म्हणून त्यातून काहीच निघत नाही. वही उघडल्यावर मात्र दिसलं की दिवाळीच्या आगेमागे काही रुग्ण औषध घ्यायला यायचेच बंद होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा खोकत येतात. मग प्रश्न असा झाला: तोडीला जाताना रुग्णाचा उपचार नेमका कोणत्या टप्प्यावर सुटतो, गाव सोडताना, फडात पोचल्यावर की गोळ्या संपल्यावर? या प्रश्नाचं उत्तर दवाखान्यालाही हवं असतं. ते तसं हवं नसेल तर प्रश्न बदला, दवाखाना बदलू नका.

परवानगी: दार कुणाचं ते आधी ओळखा

इथं माझे स्वतःचे पाच महिने गेलेत. एका जिल्ह्यात मी अर्ज ज्या साहेबांच्या नावानं दिला, ते रुग्णालय त्यांच्या अखत्यारीतच नव्हतं. फाईल खाली-वर फिरत राहिली, मी दर पंधरवड्याला आवक-जावकच्या खिडकीशी उभा. चूक माझीच होती, पण कुणी सांगितलंही नाही.

ढोबळ नकाशा असा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालय यांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे आपले सिव्हिल सर्जन. वर उपसंचालक, आरोग्य सेवा. मराठवाड्यात उपसंचालकांची दोन मंडळं आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली एका मंडळात आणि लातूर, धाराशिव, बीड, नांदेड दुसऱ्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, तिथं जिल्हा आरोग्य अधिकारी. क्षयरोगाचा विषय असेल तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना वगळून पुढं जाताच येत नाही, आणि एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रात, जायचं तर एड्स नियंत्रण सोसायटीकडं वेगळं विचारावं लागतं. अलीकडं धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथं नवी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. त्या जिल्ह्यांत अर्ज टाइप करण्याआधी एकच फोन करा: रुग्णालय सध्या कुणाच्या ताब्यात आहे?

अर्ज विभागप्रमुखांमार्फत, एका पानाचा, मराठीत. काय करणार, कोणत्या वॉर्डात, किती दिवस, किती वाजता, दवाखान्याचं कुणाचं किती काम वाढेल. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण लिहीत नाहीत आणि साहेब नेमकं तेच शोधत असतात.

लेखी करार, भांडण व्हायच्या आधी

विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्यातला मोठा सामंजस्य करार फोटोपुरता चांगला असतो. कुलगुरू, अधिष्ठाता, मध्ये फाईल, मागे बॅनर. खरं काम चालतं ते त्याखालच्या दोन पानांच्या टिपणावर, आणि ते प्रत्येक अभ्यासासाठी वेगळं लागतं.

त्यात लिहून ठेवायच्या गोष्टी: माहिती कुणाची आणि ती कुठं ठेवणार, मूळ केसपेपर कोण उघडणार, विद्यार्थ्यांवर रोजची देखरेख कुणाची, लेख छापला तर नावं कुणाची आणि कोणत्या क्रमानं, निष्कर्ष आधी कुणाला दाखवणार, आणि दवाखान्याला न आवडणारं काही सापडलं तर काय करणार. या शेवटच्या मुद्द्यावर सगळे गप्प होतात. मी असं सुचवतो: दवाखान्याला मसुदा वाचायला ठरावीक दिवस मिळतील, चूक असेल तर पुराव्यासह दाखवता येईल, पण छापू नका असं म्हणता येणार नाही. हे आधी मान्य झालं तर पुढं कटकट होत नाही.

नावांबद्दल स्पष्टच बोलतो. रुग्ण शोधून देणारे, प्रश्न घडवणारे, अर्थ लावायला बसणारे समाजसेवा अधीक्षक लेखाच्या तळाशी आभारात जातात आणि ज्यांनी वॉर्ड पाहिलेला नाही असे वरचे साहेब लेखक होतात. हा अन्याय आहे. अभ्यासाची आखणी किंवा विश्लेषण, मसुद्याचं लेखन किंवा गंभीर दुरुस्ती, अंतिम मान्यता आणि जबाबदारी या चारही गोष्टी ज्यानं केल्या तो लेखक, हा वैद्यकीय नियतकालिकांतला सर्वमान्य दंडक आहे. तो लावा. अधीक्षकांना मसुदा वाचायलाच दिला नाही तर ते चारांत कसे बसतील? म्हणून द्या.

आणखी एक ओळ: करार व्यक्तीशी नको, पदाशी करा. आपल्याकडं बदल्या होतात. नवीन साहेब आले की पहिल्या आठवड्यात जुन्या परवानगीची प्रत घेऊन भेटायचं.

एथिक्स कमिटी

माणसांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासून आधी मंजुरी देणारी ही कमिटी. "आमचं तर नुसतं विचारणं आहे, सुई नाही टोचायची, मग कमिटी कशाला?" असं समाजकार्यातले प्राध्यापकही म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक आरोग्य संशोधन स्पष्ट धरलेलं आहे. नुसत्या विचारण्यानं माणसाचं लग्न मोडू शकतं, काम जाऊ शकतं.

रुग्णालयाच्या कमिटीत साधारण सात ते पंधरा जण असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, सदस्य-सचिव संस्थेतला, शिवाय कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि एक सर्वसामान्य नागरिक. विद्यापीठाची स्वतःची नोंदणीकृत कमिटी नसेल तर करार करून रुग्णालयाच्या कमिटीकडं जाता येतं. आमच्या भागात हाच सोयीचा रस्ता आहे. धोका फार कमी असेल, उदाहरणार्थ नाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदी, तर त्वरित छाननीत काम होऊ शकतं. समोर बसून मुलाखत घ्यायची, तीही क्षयरोग किंवा विषप्राशनाबद्दल, तर पूर्ण बैठकीची तयारी ठेवा. आराखडा, मराठी माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नांची यादी, विभागप्रमुखांचं पत्र, खर्चाचा अंदाज, सगळं एकाच वेळी द्या. एक कागद राहिला की पुढची बैठक.

संमतीपत्रावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. "सदर संशोधनात सहभाग ऐच्छिक असून" हे वाक्य वॉर्डातल्या कुणालाही कळत नाही. त्याऐवजी: "बोलायचं की नाही हे तुमच्या मनावर आहे. नाही म्हणालात तरी तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही. मधेच उठून गेलात तरी चालेल." आणि भाषा म्हणजे फक्त मराठी नव्हे. संभाजीनगर-नांदेडला उर्दू लागते, बंजारा तांड्यावर गोरमाटी, देगलूर-धर्माबादकडं तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कानडी. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा तर साक्षीदार आपल्या गटाबाहेरचा हवा. सातच्या वरच्या मुलांना पालकांच्या संमतीबरोबर त्यांचा स्वतःचा होकारही लागतो; बारापर्यंत तोंडी, पुढं अठरापर्यंत लेखी.

एक गोष्ट पक्की ठरवा. ज्या अधीक्षकांनी रुग्णाची योजनेची फाईल करून दिली, त्यांनी त्याच रुग्णाची संमती घ्यायची नाही. तो कसा नाही म्हणेल? ओळख करून द्यावी आणि उठून जावं.

एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू; त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला कायद्यानं मनाई आहे. विष घेतलेल्या रुग्णाच्या खाटेशी पोलीस जबाबासाठी येऊन गेलेले असतात, आपण तिसरे. तिथं प्रकृती स्थिर झाल्याशिवाय, मनोविकार विभागाशी बोलल्याशिवाय आणि बोलताना माणूस कोसळला तर कुणाला हाक मारायची हे ठरल्याशिवाय जाऊच नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, नंबर माहितीपत्रकावर छापलेला हवा, पण नंबर दिला म्हणजे आपली सुटका झाली असं नाही.

पंचांग: विद्यापीठाचं आणि उसाचं

मराठवाड्यातले अभ्यास इथं फसतात. एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला विषय पावसाळ्यात ठरतो, मंजुरी दिवाळीच्या सुमारास मिळते आणि पोरं माहिती गोळा करायला डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडतात. तेव्हा बीड, धाराशिव, जालन्याच्या गावांत घरांना कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं. कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मग काय, जे सापडले त्यांचे फॉर्म भरले जातात. आणि सापडले ते नेमके न जाणारे!

म्हणून उलटं मोजा. तोडीवरून लोक मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलाखती मे ते ऑगस्टमध्ये, घरी. त्यासाठी कमिटीची मंजुरी एप्रिलच्या आत, म्हणजे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे वहीचे ते पंधरा दिवस आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा मुकादमांची उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, वाटून होत असते आणि वॉर्डातून रुग्ण सुट्टी मागत असतात. विद्यार्थी तेव्हा पहिल्या वर्षाला असतो. असू द्या. आठवड्यातले फिल्डवर्कचे दिवस आहेतच की.

मुलाखत

वॉर्डात खाटेशेजारी उभं राहून मुलाखत होत नाही. मी एकदा विद्यार्थिनीबरोबर बसलो होतो. तिशीतली बाई, क्षयरोगाचा उपचार आधी सुटलेला, आता दुसऱ्यांदा सुरू. दीर पायथ्याशी उभा. प्रश्नावलीत पर्याय होते: औषध सोडण्याचं कारण, दुष्परिणाम, अंतर, खर्च, इतर. बाई प्रत्येकाला "नाही, तसं काई नाही" म्हणत होती. शेवटी विद्यार्थिनीनं कागद बाजूला ठेवला आणि दीर पाणी आणायला गेल्यावर विचारलं, "ताई, फडातला दिवस कसा असतो ओ?" बाई सावरून बसली. "रात्री तीनला उठायचं. गाडी आली की मोळ्या भरायच्या. भाकर कवा भेटल त्याचा नेम नाही. अन् उपाशी गोळ्या घेतल्या की पोटात निस्ती आग. वकारी आली तर कोयता थांबतो, जोडीदार बोलतो. मग गोळी ठिवून द्यायची. उद्या घेऊ म्हणायचं."

दुष्परिणामाच्या चौकटीत टिकमार्क केली असती तर हे सगळं "मळमळ" या एका शब्दात संपलं असतं. गोळी, भाकरीची वेळ आणि कोयत्यातला जोडीदार यांची गाठ तिथं सापडली. म्हणून यादी आठ-दहा मोकळ्या प्रश्नांची ठेवा, पहिला प्रश्न रोगाचा नको, रोजच्या दिवसाचा हवा. मुलाखती पंधरा-वीस झाल्या तरी चालतील, पण प्रत्येक पूर्ण लिहून काढा, तिच्याच बोलीत. "वकारी"चं "उलटीची भावना" करू नका.

घरी जाताना आरोग्य खात्याचा फलक असलेली गाडी दारात लावायची नाही. लग्नाच्या मुलीच्या घरासमोर अशी जीप उभी राहिली की दुसऱ्या दिवशी गावाला कळतं. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर "कॉलेजातून बोलतोय, नंतर करतो" एवढंच. आशाताईंना बरोबर न्यावं का? रस्ता दाखवायला हो, मुलाखतीत बसायला नाही. त्याच गावच्या, रुग्णाची भावकी असू शकते.

नुसत्या मुलाखतींवरही भागत नाही. दवाखान्याकडं उपचाराच्या नोंदी असतात: किती महिन्यांच्या गोळ्या दिल्या, रुग्ण कधी गैरहजर झाला, पोषणाचे पैसे खात्यात पडले का. क्षयरुग्णांच्या निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खातं गावच्या बँकेत आणि माणूस बेळगावकडच्या फडात, तर त्या पैशाची अंडी-दूध कधी होणार? आकडा दवाखान्याचा, कारण घरचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं ८२,३०९ महिलांची पाहणी आली. त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. एवढा मोठा आकडा हाती आला तरी प्रत्येकीनं तो निर्णय कोणत्या दिवशी, कुणाच्या सांगण्यावरून, किती उचल डोक्यावर असताना घेतला हे पाहणीच्या चौकटीत मावत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंचा माणूस लागतो.

कागद आणि मोबाईल

थोडक्यात सांगतो, पण यात हयगय नको. आमच्याच एका विद्यार्थ्यानं "सर, माहिती सुटायला नको" म्हणून केसपेपरचे फोटो काढून फिल्डवर्कच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. नाव, गाव, निदान, सगळं. तासाभरात काढायला लावले, कमिटीला कळवलं, रुग्णालयाकडं लेखी माफी दिली. तरी किती मोबाईलमध्ये ते उतरले असतील देव जाणे. आता नियम असा: वॉर्डात कॅमेरा बंद, प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक, क्रमांक-नावाची यादी वेगळ्या वहीत आणि ती वही कुलपात. अभ्यास संपल्यावर कागद किमान तीन वर्षं सांभाळायचे असतात, त्याला जागा कुठली हे आधीच ठरवा. होस्टेलची खोली ही जागा नव्हे.

परत वॉर्डात

प्रबंध बांधायला टाकण्याआधी निष्कर्ष दवाखान्यात सांगायचे, हा माझा हट्ट आहे. अर्ध्या तासाची बैठक, दुपारी दोननंतर, ओपीडी ओसरल्यावर. अधीक्षक, सिस्टर, क्षयरोग विभागाची माणसं, जमलं तर युनिटचे डॉक्टर. पॉवरपॉइंट नको. दोन पानं मराठीत, त्यात चार-पाच गोष्टी आणि प्रत्येकीपुढं "उद्यापासून काय करता येईल" हा रकाना. "जनजागृती करावी", "शासनानं लक्ष द्यावं" असल्या शिफारशी त्या रकान्यात लिहायला मनाई. हातात पेन घेऊन बसा, कारण खरी दुरुस्ती तिथंच होते.

आमच्या बैठकीत आम्ही लिहून नेलं होतं: तोडीला निघणाऱ्या रुग्णाकडून कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर घ्यावा, म्हणजे तिथल्या केंद्राला कळवता येईल. कोपऱ्यातल्या जुन्या सिस्टरनं मान हलवली. "मुकादमाला कळलं तर तो टोळीतच घेणार नाही. उचल परत मागल." आम्ही वीस मुलाखती करून हे आम्हाला सुचलं नव्हतं. वाक्य खोडलं आणि लिहिलं: कारखाना कोणता, आणि टोळीतलं तुमच्या विश्वासाचं माणूस कोण, ते रुग्णानंच सांगावं, नसेल सांगायचं तर रकाना रिकामा. त्याच पानावर आणखी एक ओळ सिस्टरनीच घातली: गोळी भाकरीच्या वेळेशी बांधून द्यावी, घड्याळाशी नको, आणि ते डॉक्टरांनी ठरवून द्यावं.

त्या अधीक्षक बाईंच्या टेबलाच्या खणात आता ती दोन पानं आहेत, कडेला चहाचा डाग पडलेली. प्रबंधाची प्रतही दिली आहे, जावक क्रमांकासह. ती अजून कुणी उघडलेली दिसत नाही.